जनावर मेलं, जंतू नाही

उन्हाळ्याची अखेर आहे असं समजा. रानात हिरवी काडी उरलेली नाही. आखाड्यावर रात्री कडबा खाऊन रवंथ करत बसलेली लाल कंधारी गाय पहाटे आडवी पडलेली सापडते. साप चावला म्हणावं तर कुठं खूण नाही. पोट बघता बघता टम्म फुगलेलं. नाकपुडीतून आणि शेणाच्या वाटेनं रक्त आलेलं, काळपट, आणि ते गोठतच नाही. एरवी मेलेल्या जनावराचे पाय ताठ होतात, हिचे नीट ताठलेलेही नाहीत.

लेकरांनो, असं जनावर दिसलं की मागं सरायचं आणि पशुवैद्यकांना फोन लावायचा. सुरी, कोयता, विळा काही काही बाहेर काढायचं नाही. चामडं निघालं तर चार पैसे येतील, असं घरातलं कुणी म्हणालं तरी त्याचा हात धरायचा. का, ते कळायला एका जंतूची गोष्ट ऐकावी लागेल.

या रोगाला आपल्याकडे फाशी म्हणतात. तोच रोग माणसाच्या कातडीवर उठला की काळपुळी. दवाखान्यातलं नाव अँथ्रॅक्स. त्याचा जंतू काडीच्या आकाराचा असतो. एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात, आणि हा जेमतेम एक मायक्रॉन जाड, चार-पाच मायक्रॉन लांब. गायीच्या रक्तात तो इतका वाढतो की शेवटी एकेका थेंबात लाखोंनी सापडतो. त्याच्या विषानं रक्तवाहिन्या पाझरू लागतात आणि जनावर कोसळतं.

आता जंतूची पंचाईत बघा. ज्या अंगात तो राहत होता ते मेलं. ऊब गेली, ताजं रक्त थांबलं. पोटातले कुजवणारे जंतू चाल करून येतात आणि त्यांच्यापुढं या काडीजंतूचं काही चालत नाही. जनावराचं अंग न फाडता तसंच राहिलं, तर उन्हाळ्यात दोन-चार दिवसांत आतले फाशीचे जंतू बहुतेक मरून जातात. म्हणजे गाय मेली की तिच्या पोटात तोही संपायला आलेला असतो.

पण अंग फाडलं, रक्त जमिनीवर सांडलं, त्याला हवा लागली, की खेळ पालटतो. हवेतला प्राणवायू मिळाला की हा जंतू बीजाणू बनवायला बसतो. ही गोष्ट पहिल्यांदा नीट डोळ्यांनी पाहिली रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरनं. तेव्हा तो काही मोठा शास्त्रज्ञ नव्हता, वोल्श्टाइन नावाच्या लहान गावातला सरकारी डॉक्टर होता. घरातच त्यानं प्रयोगाची जागा केली होती. बैलाच्या डोळ्यातल्या स्वच्छ पाण्याचा थेंब घ्यायचा, त्यात फाशीनं मेलेल्या जनावराचं कणभर रक्त सोडायचं, काच उबदार ठेवायची आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचं. त्याला काड्या वाढताना दिसल्या. वाढून त्यांचे लांब दोरे झाले. मग त्या दोऱ्यांच्या आत ओळीनं चमकणारे गोल ठिपके उमटले. दोरे विरघळून गेले, ठिपके तेवढे राहिले. ते ठिपके वाळवून ठेवले आणि पुन्हा ताज्या थेंबात टाकले, तर त्यांतून पुन्हा काड्या निघाल्या. हे त्यानं १८७६ साली छापून प्रसिद्ध केलं. अमुक जंतूमुळे अमुक रोग होतो हे पुराव्यानिशी दाखवणारं हे पहिलंच काम. त्यातच जंतू अंगाबाहेर कसा तग धरतो याचंही उत्तर होतं.

त्या चमकत्या ठिपक्याच्या, म्हणजे बीजाणूच्या, आत काय घडतं, हे पुढच्या शंभर वर्षांत उलगडलं. मला तर हे सगळ्या जीवसृष्टीतल्या मोठ्या नवलांपैकी एक वाटतं. उपासमार जाणवली की जंतू आपल्या वंशसूत्राची एक प्रत करतो आणि स्वतःच्या आत एका टोकाला भिंत घालतो. मोठा भाग आईचा, लहान भाग लेकीचा. मग आई लेकीला चहूबाजूंनी गिळून पोटात घेते. तिच्याभोवती एकावर एक जाड थर रचते. आतलं बरंचसं पाणी काढून टाकते आणि त्या जागी कॅल्शियम आणि डायपिकोलिनिक आम्ल यांचं मिश्रण ठासून भरते. वंशसूत्राला खास प्रथिनं बिलगवते, म्हणजे ऊन-तापानं ते तुटायला नको. सगळं बांधून झालं की आई फुटून मरते आणि बीजाणू मोकळा होतो. या साऱ्याला साधारण आठेक तास लागतात. रात्रीतून काम तमाम.

तुमच्या पणजोबांच्या काळी ज्वारी पेवात ठेवायचे. जमिनीत खोल खड्डा, आतून कडबा-पाचट, वरून तोंड लिंपून बंद. आत हवा नाही, ओल नाही, दाणा वर्षानुवर्षं टिके. बीजाणू म्हणजे स्वतःचंच पेव करून त्यात शिरून बसलेला जंतू. आत खाणं नाही, पिणं नाही, श्वास नाही. जगतोय म्हणावं तर जगण्याची एकही खूण नाही, आणि मेला म्हणावं तर तो उद्या उठून गाय मारेल.

किती वर्षं टिकतो? दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात उत्खननात निघालेल्या सुमारे दोनशे वर्षं जुन्या हाडांत त्याचे जिवंत बीजाणू मिळाले आहेत. स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ ग्रुइनार्ड नावाचं बेट आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, ब्रिटिशांनी तिथं मेंढ्या बांधून फाशीच्या बीजाणूंचा बॉम्ब फोडून पाहिला. मेंढ्या मेल्या, प्रयोग संपला, पण बेट काही साफ होईना. चाळीस-पंचेचाळीस वर्षं तिथं कुणाला पाऊल ठेवायची मुभा नव्हती. शेवटी १९८६ साली समुद्राच्या पाण्यात शेकडो टन फॉर्मल्डिहाइड कालवून सगळी जमीन भिजवली, आणि १९९० साली बेट सुरक्षित झाल्याचं जाहीर केलं. माणसानं केलेलं निस्तरायला अठ्ठेचाळीस वर्षं लागली. रोग पसरवण्यासाठी माणसानं मुद्दाम इतकं डोकं चालवावं, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता आपल्या मातीकडे या. नांदेड-लातूरची काळी म्हणजे बेसाल्टच्या खडकाची झिजून झालेली माती. नांगर चालवताना पांढरे चुनखडीचे खडे वर येतात, पाहिलेत ना? ही माती कॅल्शियमनं भरलेली आणि आम्लधर्मी नव्हे, उलट बाजूची, अल्कधर्मी. जगभर जिथं जिथं फाशी पुन्हा पुन्हा उठते तिथल्या जमिनी तपासल्या, तर बहुतेक ठिकाणी अशीच माती निघते: कॅल्शियम भरपूर, सेंद्रिय अंश बरा, ऊब चांगली. बीजाणूच्या गाभ्यातही कॅल्शियमच असतं, तेव्हा अशा जमिनीत तो जास्त टिकत असावा, असा अंदाज आहे. म्हणूनच जनावर पुरताना वरून चुन्याची पोती ओतायची जी जुनी पद्धत आहे, तिच्याबद्दल आता जाणकारांना शंका वाटते. चुना म्हणजे पुन्हा कॅल्शियमच. फाशीचं मढं पूर्ण जाळून टाकावं, जमत नसेल तर न फाडता खोल पुरावं, असाच सल्ला मिळतो. आणि मढं उचलेपर्यंत कुत्री, कावळे, घारी यांना जवळ येऊ द्यायचं नाही. त्यांची चोच काय अन् आपली सुरी काय, जंतूला हवा मिळण्याशी मतलब.

पुरलेला जंतू वर कसा येतो, हा प्रश्न फ्रान्समध्ये लुई पाश्चरला पडला होता. काही शेतांत दरवर्षी मेंढ्या मरत, शेतकरी त्या शेतांना शापित म्हणत. चार्त्रजवळच्या एका शेतात पाश्चरला मातीचा एक पट्टा निराळ्या रंगाचा दिसला. विचारलं तर कळलं, आदल्या वर्षी मेलेल्या मेंढ्या तिथंच पुरल्या होत्या. वर गांडुळांनी टाकलेल्या मातीच्या गुंडाळ्या होत्या. गांडूळ खालची माती खाऊन वर टाकतं, त्याबरोबर बीजाणूही वर येत असणार, असं त्याचं म्हणणं पडलं. आपल्या काळीकडे बघताना माझ्या मनात येतं की इथं गांडुळाचीही गरज नाही. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची ढेकळं आत कोसळतात, पावसात माती फुगते आणि खालची माती वर ढकलली जाते. वर्षानुवर्षं ही जमीन स्वतःलाच उलथापालथ करत असते. तिच्यात पुरलेलं तिथंच राहील असं धरून चालणं धोक्याचं.

मग पहिल्या जोराच्या पावसानं बांधावरची माती वाहून सखल जागी साचते. त्याआधी चरायला गवत नसतं, म्हणून जनावर खुरटं गवत मुळासकट उपटतं, तोंडात माती जाते, धसकटं टोचून हिरड्यांना जखमा होतात. बीजाणू त्या वाटेनं आत शिरतो. शरीरातली ऊब, ओल आणि अॅलानिनसारखी अमिनो आम्लं लागली, की वर्षानुवर्षं बंद असलेलं दार काही मिनिटांत उघडतं. भराभर पाणी आत येतं आणि काडी पुन्हा वाढू लागते.

कुणी म्हणेल, आबा, मग आपण हरलोच की! नाही रे. १९३७ साली दक्षिण आफ्रिकेत मॅक्स स्टर्न या पशुवैद्यकानं या जंतूचा एक निरुपद्रवी वाण शोधला. त्याला अंगावरचं संरक्षक आवरण बनवता येत नाही, त्यामुळे तो रोग करत नाही, पण शरीराला ओळख पटवून देतो. त्याच वाणाच्या जिवंत बीजाणूंची लस आजही गुराढोरांना टोचतात. जंतूची जी टिकून राहायची खोड आपल्याला छळत होती, तीच आता लसीच्या बाटलीत आपल्या कामी येते. माणसाला काळपुळी झाली तर कातडीवर फोड उठतो, मधोमध काळी खपली धरते आणि गंमत म्हणजे दुखत नाही. दुखत नाही म्हणून घरी बसायचं नाही. वेळेत गेलं तर साध्या प्रतिजैविकांनी तो बरा होतो.

फाशीचा एक दूरचा भाऊबंद फऱ्या. आपल्याकडे एकटांग्याही म्हणतात. त्याचेही बीजाणू मातीतच. चांगली धष्टपुष्ट कालवडच तो गाठतो. मांडीवर सूज येते, दाबली तर कातडीखाली वायू चरचरतो. एकदा बोटाखाली ती चरचर जाणवली की माणूस जन्मात विसरत नाही. आणि फऱ्यासोबत ज्याचं नाव नेहमी घेतलं जातं तो घटसर्प मात्र या घराण्यातला नव्हे. त्याला बीजाणू करता येत नाही. कोरड्या, तापलेल्या मातीत तो लवकर मरतो. तो दडतो धडधाकट दिसणाऱ्या जनावराच्या घशात. प्रवासाचा, पावसाचा, ओझ्याचा ताण आला की उसळतो. म्हणून माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला देवणी आणि लाल कंधारी जनावरं घेऊन जाणाऱ्यांनी जमिनीपेक्षा शेजारच्या दावणीकडे लक्ष ठेवावं. पुण्याला औंधमध्ये या रोगांच्या लसी बनवणारी सरकारी संस्था आहे. पावसाळ्याच्या तोंडावर लस टोचून घेतली की दोन्ही वाटा बंद.

जंतू मढ्यात राहतो की जित्या अंगात, हा फरक माणसांच्या बाबतीतही मोलाचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला धरणी हलली, हजारो माणसं ढिगाऱ्याखाली गेली. अशा वेळी मढ्यांमुळे साथ येईल ही धास्ती सगळीकडे असते. पण जखमांनी मेलेल्या माणसाच्या देहातून साथ येत नाही. साथीचे बहुतेक जंतू गार पडलेल्या देहात फार टिकत नाहीत. धोका असतो तो जिवंत राहिलेल्यांच्या पाण्याला आणि वस्तीला. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगच्या गाठी आल्या. भूकंपानंतर लोक घरं सोडून उघड्यावर राहिले, घरातल्या धान्यावर उंदीर पोसले, असा तर्क अभ्यासकांनी मांडला. १९६६ नंतर भारतात प्लेगचा रोगी नोंदला नव्हता. इतकी वर्षं तो रानातल्या उंदरांत आणि त्यांच्या पिसवांत तग धरून होता.

आता पाण्याकडे वळतो.

जून २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात नांदेड जिल्ह्यातल्या मुगाव तांड्यावर विहिरीचं दूषित पाणी पिऊन नव्वदहून जास्त माणसांना उलट्या-जुलाब झाले. तांडा अवघा शंभरेक घरांचा. आजारी माणसं मांजरम गावच्या किंवा आणखी कुठल्या दवाखान्यात. पावसाळा सुरू होता होता गावोगाव असं होतं, कारण विहिरीभोवतीची उन्हाळाभराची घाण पहिल्या पावसाबरोबर आत उतरते.

जुलाबाच्या जंतूंत सगळ्यात नावाजलेला पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा. जुन्या लोकांनी पटकी इतकी पाहिली होती की गावोगाव शिवेजवळ मरीआईचं ठाणं आहे. साथ आली की मरीआईचा गाडा वाजत-गाजत शिवेपार नेऊन सोडत. त्या माणसांची तळमळ खरी होती, लेकरं डोळ्यांदेखत सुकून जात होती. पण ज्याला शिवेबाहेर घालवायचं तो गावाच्या मधोमध, पाण्यातच बसलेला होता.

पटकीचा जंतू स्वल्पविरामासारखा वाकडा, शेपटीनं पोहणारा. याला बीजाणू करता येत नाही. मग तो पाण्यात करतो काय? साचलेल्या पाण्यात डोळ्यांना जेमतेम दिसतील असे झिंग्यांच्या जातीचे बारीक कवचाचे जीव असतात. शास्त्रात त्यांना कोपेपॉड म्हणतात, सायक्लॉप त्यांच्यातलाच. पटकीचा जंतू त्या कवचाला चिकटतो. कवच कायटिनचं असतं आणि कायटिन खाऊन पचवणारी विकरं याच्याकडे आहेत. म्हणजे राहणं-खाणं एकाच जागी! एका कोपेपॉडवर दहा हजारांपर्यंत जंतू बसू शकतात. एकट्यादुकट्या जंतूला आपल्या जठरातलं आम्ल मारून टाकतं, पण कवचाला चिकटून घोळक्यानं गेले तर बरेच जण वाचून आतड्यात पोहोचतात. २००५ साली तर असं दिसलं की कायटिनवर बसला असताना हा जंतू आजूबाजूच्या मेलेल्या जंतूंची वंशसूत्रं उचलून आपल्यात जोडून घेतो. त्या कवचावर त्याला नवे गुणही मिळतात.

आमच्या पिढीला सायक्लॉप वेगळ्याच कारणानं ठाऊक होता. बारवेत, पायऱ्यांच्या विहिरीत उतरून लोक पाणी भरायचे आणि त्यातल्या सायक्लॉपबरोबर नारूची पिल्लं पोटात जायची. वर्षभरानं पायावर फोड फुटून त्यातून हातभर पांढरा दोरा निघे. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा, तुटला की पाय सुजलाच. नारू हा जंतू नव्हे, कृमी. पण त्याच्याविरुद्ध गावोगाव सांगितलेली पहिली गोष्ट एकच होती: पाणी गाळून प्या. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला.

आणि तोच उपाय पुढं पटकीवर कामी आला. अमेरिकेच्या रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या मतलब भागात ६५ गावांत तीन वर्षं पाहणी केली. बायकांना सांगितलं, जुनी सुती साडी निदान चार पदरी दुमडून घागरीच्या तोंडावर बांधा आणि त्यातून पाणी ओता. जुनीच साडी का? धुऊन धुऊन सुताचा पीळ सुटतो, तंतू पसरतात, छिद्रं बारीक होतात. चार पदरांतून वीस मायक्रॉनहून मोठं काही जात नाही. सुटा जंतू त्यातून आरामात जाईल, पण कोपेपॉड अडकतो आणि त्याच्या पाठीवरचा सगळा घोळका त्याच्याबरोबर अडकतो. पटकीचे रोगी ४८ टक्क्यांनी कमी झाले. २००३ साली हे प्रसिद्ध झालं. घागरीवर बांधलेल्या तुमच्या आजीच्या लुगड्याच्या पदराला शास्त्राचं पाठबळ मिळालं. अर्थात निम्मे रोगी राहिलेच, तेव्हा गाळलेलं पाणी उकळायचं किंवा त्यात क्लोरीन टाकायचं, हे काही सुटत नाही.

कोलवेल बाईंच्या गटानं त्याआधी, १९८२ च्या सुमारास, आणखी एक चकवा उघडकीला आणला होता. पाणी गार झालं, अन्न संपलं, की पटकीचा जंतू आकसून लहान, गोल होतो. प्रयोगशाळेत त्याला खाणं घालून बशीत ठेवलं तर वाढत नाही. बशी कोरी राहते आणि पाणी शुद्ध असल्याचा अहवाल जातो. पण तो मेलेला नसतो. माणसाच्या आतड्यात गेल्यावर तो परत फुगतो, वाढतो, जुलाब घडवतो. म्हणून मी म्हणतो, वर्षातून एकदा आलेल्या अहवालावर विसंबून विहिरीला क्लोरीनची टीसीएल पावडर टाकायची राहू देऊ नका.

ती टाकली की नाही, पुरेशी पडली की नाही, हे कळायला प्रयोगशाळाही लागत नाही. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे ओटी टेस्टची छोटी पेटी असते. पावडर टाकून निदान अर्धा तास जाऊ द्यायचा. मग गावातल्या सगळ्यात शेवटच्या नळाचं पाणी काचेच्या नळीत घ्यायचं, ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे आणि लगेच पेटीवरच्या रंगाशी ताडून पाहायचं. पिवळं झालं तर पाण्यात अजून क्लोरीन शिल्लक आहे. रंग फिरलाच नाही, तर पावडर कमी पडली किंवा वाटेत कुठंतरी पाइपात घाण शिरते आहे. एरवी लिटरमागं ०.२ मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन पुरतं, साथीच्या दिवसांत ०.५ लागतं. पाऊस पडायच्या आधी जलसुरक्षकांबरोबर एकदा जाऊन ही टेस्ट स्वतः करून बघा, आणि नळ निवडताना टाकीजवळचा नाही, तांड्याच्या टोकाचा निवडा.